दोनशे वॅटचा सूर्य

"झाड कोणतं आहे?" दुकानदारानं विचारलं.

"हिरवं," मी म्हणालो.

पुण्याच्या तापकीर गल्लीतलं ते दिव्यांचं दुकान. दुकानदार हिंगमिरे नावाचे साठीतले गृहस्थ, चष्मा कपाळावर. घरात झाडं वाढवायचे एलईडी दिवे तेव्हा नवीनच यायला लागले होते. त्यातले तीन त्यांनी माझ्यासमोर पेटवून ठेवले होते. एक लहान पांढरा, एक जांभळा आणि एक परातीएवढा मोठा.

"तसं नाही साहेब. टोमॅटो, कोथिंबीर, की शोभेचं काही? ऊन मागणारं झाड आहे की सावलीतलं?"

"झाड ते झाड. ऊन मिळत नाही म्हणूनच दिवा घ्यायला आलोय. सावली हवी असती तर छत्रीच्या दुकानात नसतो का गेलो?"

मागं उभं असलेलं एक गिऱ्हाईक हसलं आणि मी आणखी फुगलो. नऊ वर्षं झाली त्या गोष्टीला. तो हसलेला माणूस रस्त्यात भेटला तर मी त्याचे पाय धरीन आणि म्हणेन, बाबा, तेव्हाच एक कानाखाली का नाही वाजवलीस?

हिंगमिरे शांतपणे म्हणाले, "हा लहान पांढरा न्या. तीन फूट वर टांगा. पान काय म्हणतंय ते बघा, मग ठरवा. घरात कुणी त्या जागी बसत-उठत असेल तरी पांढराच बरा."

"पांढरा दिवा तर माझ्या संडासातपण आहे," मी म्हणालो आणि जांभळा उचलला. त्याच्या खोक्यावर एक आलेख होता आणि खाली बारीक इंग्रजी. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. ज्यातलं निम्मं कळत नाही ते भारी असतं, हा माझा तेव्हाचा सिद्धांत होता.

मी सुकुमार मगदूम, भोसरीच्या एका फौंड्रीत मेन्टेनन्सचा वायरमन. नववीत शाळा सुटली. पुढचं सगळं माझं मी शिकलो. मोटार बांधणं, पॅनेल जोडणं, इंग्रजी पाट्या वाचणं, आणि भांडणं. ज्याला कुणी शिकवलेलं नसतं त्याला एक रोग जडतो. तो कुणाला काही विचारत नाही. विचारलं की येत नाही हे कबूल करावं लागतं, आणि तेवढं सोडून बाकी सगळं आम्हाला येतं.

त्यात हा तर दिव्याचा प्रश्न. दिव्यातलं मला कोण सांगणार?

झाड पानवेलीचं होतं. खायच्या पानाची वेल. ती माझी नव्हती, सासऱ्यांची होती.

आण्णा, म्हणजे बाबगोंडा चौगुले, मिरजेच्या पुढच्या पट्ट्यात दुसऱ्याच्या पानमळ्यात चाळीस वर्षं राबलेला माणूस. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. त्रिशला, माझी बायको, त्यांची एकुलती एक. दिवाळीनंतर त्यांचा निरोप आला, "मालकानं मळा मोडला. ऊस लावतोय." त्रिशला जाऊन त्यांना घेऊन आली. सामान म्हणजे एक पिशवी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं हातभर वेलीचं कांडं. रंगाच्या रिकाम्या डब्यात ते त्यांनी स्वतः लावलं आणि त्यात एक काठी रोवली. मग मला म्हणाले, "पावणं, ही लागली तर मी लागलो. ही न्हाई लागली तर मी आपला गावाकडं."

"तिथं कोण आहे तुम्हाला?"

"घर हाय की."

पावसात आत बसायचं कुठं असा प्रश्न पडावा, असं ते घर. त्रिशलानं त्याच दिवशी मला स्वयंपाकघरात गाठलं. "हे बघा, वेल गेली की आण्णा जाणार. ते बोलले म्हणजे करणार. काहीही करा, पण ती जगली पाहिजे."

आता आमचं घर. तळमजला. घेतलं तेव्हा गॅलरीत ऊन यायचं, चादरी वाळायच्या. मग शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बिल्डरनं बारा मजले उभे केले, असे चिकटून की त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर कुणी शिंकलं तर आमच्यात 'जीते रहो' म्हणावं लागेल. गॅलरीत भर दुपारी संध्याकाळ. आण्णांची खाट तिथंच, वेलीजवळ.

आमच्या जैनांत जुनी माणसं दिवस मावळायच्या आत जेवतात. आण्णा रोज विचारायचे, "तिशे, दिवस गेला का गं?" कधी पाचला विचारायचे, कधी चारला. एकदा तर तीनला. ऐकलं की माझं डोकं फिरायचं. मी गॅलरीत जाऊन त्या बारा मजल्यांना मोठमोठ्यानं शिव्या घालायचो. "बघा! म्हाताऱ्या माणसाला दिवस आहे का रात्र कळेना झालंय, हरामखोरांनो!"

आण्णा म्हणायचे, "जाऊ द्या पावणं. लोकास्नी ऱ्हायाला घरं पायजेत."

जांभळा दिवा लावला त्या संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन नेवासकर धावत आले. घर तर असं दिसत होतं की आत ऑर्केस्ट्रा बार चालू आहे.

"मगदूम, हे काय? समोरच्या विंगमधून फोन येतायत मला. बायका म्हणतात खाली काय धंदा सुरू झालाय?"

"शेतीचा."

"बंद करा ते! माझ्या सासूबाईंना चक्कर आली."

"ती मागच्या महिन्यातपण आली होती. तेव्हा कुठला दिवा होता?"

नेवासकरांनी आण्णांकडं बघितलं. आण्णा खाटेवर बसलेले, डोक्यापासून पायापर्यंत वांग्यासारखे जांभळे. "आजोबा, तुम्हाला त्रास नाही का होत ह्याचा?"

"कशाचा?" आण्णा म्हणाले.

मला काय आनंद झाला! "ऐका! कशाचा, म्हणतायत! ज्याची वेल आहे त्याला त्रास नाही आणि तुमच्या सासूला चक्कर!"

अख्ख्या बिल्डिंगमध्ये माझा दिवा न खटकलेला एकच माणूस निघाला, आणि तो माझा सासरा. मी तो माझा विजय समजलो. त्रिशलाला म्हणालोसुद्धा, "शेतकरी माणूस. त्याला विज्ञान लगेच कळतं."

दुसरी एक गोष्ट. पानमळ्यात चप्पल घालून शिरत नाहीत. मळा म्हणजे देऊळ. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो होतो तेव्हा मी मळ्याच्या कडेला नुसता चपलेचा पाय ठेवला, तर ह्याच आण्णांनी नव्या जावयाला चार गड्यांसमोर झापलं होतं. पान बघायला आलेलो मी, तसाच रुसून परत फिरलो. आत पाऊल टाकलं नाही ते नाहीच. आता त्या गॅलरीत मी घरातल्या मऊ सपाता घालून बिनधास्त वेलीपाशी वावरायचो, आणि आण्णा चकार शब्द काढत नव्हते. मला वाटलं, शहरात येऊन म्हातारा सुधारला.

वेल मात्र सुधारत नव्हती. दोन पानं फुटली ती तिथंच थांबली, आणि त्यांची टोकं आत वळायला लागली.

त्रिशला म्हणाली, "एकदा आण्णांना विचारा ना."

"काय विचारू? त्यांना वॅट कळतो?"

"वेल कळते."

"वेल त्यांनी उन्हात वाढवलीय. आता ऊन आपण बनवायचंय. हा विषय वेगळा आहे."

'ऊन आपण बनवायचंय.' हे वाक्य मी खरंच बोललो होतो. त्रिशला अजून सणासुदीला पाहुण्यांसमोर ते म्हणून दाखवते.

मी परत हिंगमिऱ्यांकडं गेलो. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "झाड कळलं का कोणतं ते?"

"तो परातीएवढा द्या."

"दोनशे वॅटचा आहे. घरात एका कुंडीला?"

"द्या."

"किती अंतरावर लावणार?"

"ते मी बघतो. वायरमन आहे मी."

"मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले. त्या माणसानं आयुष्यभरात मारलेला तो बहुतेक सगळ्यात कडक टोमणा असणार, आणि मी तो शाबासकी म्हणून खिशात घालून आलो.

तो दिवा मी छताला हूक मारून वेलीच्या वर वीतभर अंतरावर टांगला. बटण दाबलं आणि गॅलरीत सूर्य उगवला. भिंतीवरचे जुने खिळे, कोळ्याची जाळी, माझ्या पायाच्या भेगा, सगळं लख्ख. मी फौंड्रीतला काळा गॉगल आणला. मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप घेतलं आणि रोज संध्याकाळी एकेका पानाशेजारी मोबाइल धरून आकडे वहीत उतरवायला लागलो. डोळ्याला काळा गॉगल, हातात वही, कमरेला लुंगी. नेवासकरांची सासू आता घाबरून खिडकीतच येईना.

आण्णा खाट ओढून दिव्याच्या अगदी जवळ सरकले. "पावणं, ह्यो दिवा चांगलाय," ते म्हणाले. आले तेव्हापासून त्यांनी माझ्या कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हटल्याची ती पहिली वेळ. मी छाती काढून आत गेलो आणि त्रिशलाला सांगितलं, "घे. तज्ज्ञाचं प्रमाणपत्र."

दिवा लागला की ते तिला हाका मारायचे. "तिशे, जरा हिकडं ये गं." ती आतूनच ओरडायची, "आण्णा, काय ते सांगा. त्या दिव्यात डोळे दुखतात माझे."

"काय न्हाई. असू दे."

पाचव्या दिवशी पानं फिकी पडली. आठव्या दिवशी कडा तपकिरी झाल्या, कागद जाळावा तशा. मी वहीत लिहिलं : उजेड भरपूर, कारण अज्ञात. आणि वेळ वाढवली. आठ तासांचे चौदा केले.

बाराव्या दिवशी रविवार होता. सकाळी अकराच्या सुमाराला भाजी घेऊन आलो तर आण्णा दिव्याखाली पार वाकून बसलेले. डोकं वेलीच्या वर, दोन्ही हात उजेडात पसरलेले. माझं टाळकं सटकलं. एक तर वेल मरायला टेकलेली, त्रिशला दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती, आणि हे दिव्याचा उजेड अडवून बसलेले.

"आण्णा, जरा मागं सरा. तुमची सावली पडतेय वेलीवर."

"पडू द्या की पावणं," ते हात न हलवता म्हणाले. "तिला सावलीच लागतीया."

भाजीची पिशवी माझ्या हातातच राहिली. "म्हणजे?"

"पानमळ्यात कवा आत शिरलाय का तुम्ही? भर दुपारी गारवा असतोय. आधी शेवरीची झाडं लावायची, ती वाढली की त्यांच्या सावलीत मग ही. हिला ऊन गाळून पायजे. ह्यो तुमचा दिवा म्हंजे तव्यावर बसीवल्यागत झालंय तिला."

"मग बोलला का नाही? बारा दिवस झाले!"

आण्णा एका हाताचा अंगठा दुसऱ्या हाताच्या नखांवरून फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिशीला बोलवा जरा."

त्रिशला कणकेच्या हातानं आली. डोळ्यांवर कोपर आडवं धरून दारातच थांबली.

"हितं ये. ह्याच्या खाली उभी ऱ्हा. हात काढ डोळ्यावरचा."

"आण्णा, काय चाललंय तुमचं..."

"ऱ्हा गं थोडा वेळ."

ती उभी राहिली. आण्णांनी तिची हनुवटी धरली, तोंड आधी इकडं वळवलं, मग तिकडं. पान खुडायच्या आधी माणूस ते दोन्ही अंगांनी बघतो, तसं. आणि स्वतःचं तोंड इतकं जवळ नेलं की नाकाला नाक लागेल.

"केस पांढरं झालं की गं तुझं. कवा?"

"दोन वर्षं झाली आण्णा. तुम्ही चार महिने इथंच तर आहात."

"व्हय. हाय खरं."

"रोज बघता की मला."

आण्णांनी तिच्या पांढऱ्या केसांवरून बोट फिरवलं. दिव्याचा पंखा तेवढा घुंई करत होता.

मी अंधारात तारा ओळखणारा माणूस. चालू पॅनेलमधला सैल स्क्रू मला आवाजावरून कळतो. आणि मला तिथं उभं राहून, हातात भाजीची पिशवी धरून, आत्ता कुठं उमगायला लागलं. दुपारी तीनला 'दिवस गेला का?' जांभळ्या उजेडात 'कशाचा?' माझ्या सपाता. बिल्डरला मी ज्यासाठी आईबहिणीवरून शिव्या घातल्या त्यात बिल्डरचा निम्मासुद्धा दोष नव्हता. तो शिव्या खातोय तेवढं बरंच आहे, पण दुसऱ्या कारणांसाठी.

"कधीपासून?" त्रिशलानं विचारलं.

"झालं दीड-दोन वरीस. आधी धुकं पडल्यागत. मग वाढत गेलं." ते तिची हनुवटी सोडत नव्हते. "मळा मोडला न्हाई गं. मळा हाय तसा हाय. मी पिकलं पान आन् कवळं पान एकाच जुडीत बांधलं. तीनदा. मालक बोलला काय न्हाई, भला माणूस. माझ्या बाजूला दुसरा गडी बसवला फकस्त, मी बांधलेलं सोडून परत बांधाय. मग मी कशाला ऱ्हातोय तिथं?"

"मला सांगायचं नाही?"

"वेल झाडाच्या आधारानं वर चढती, झाडाला खात न्हाई. बांडगूळ खातंय. डोळं गेलेला बाप पोरीच्या घरात म्हंजे काय असतंय?" मग माझ्याकडं, म्हणजे मी जिथं असेन असं त्यांना वाटलं तिकडं, वळून म्हणाले, "ह्यो दिवा लावला त्या दिवशी मला माझी नखं दिसली, पावणं. किती दिसांनी. वेल भाजतीया हे दुसऱ्याच दिशी कळालं बोटाला. म्हटलं, आज सांगू, उद्या सांगू. सांगितलं की तुम्ही दिवा काढणार. मग म्हटलं, वेल गेली तर जायाचंच हाय गावाकडं. जायच्या आधी पोरीचं त्वांड तेवढं नीट बघून घेऊ. पर ही हितवर येईचना."

त्रिशला खाली बसली. कणकेच्या हातांनी तिनं त्यांचे गुडघे धरले. मग मान वळवून मला म्हणाली, "आणि तुम्ही! तुम्ही पानावर पडणारा उजेड मोजत होता!"

मी भाजीची पिशवी खाली ठेवली.

"किती वाळलीस गं," आण्णा म्हणाले.

डोळ्यांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पार पिकलाय. डाव्यात शिवाय काचबिंदू आहे, तो डोळा आता हाती लागायचा नाही. उजवा वाचेल असं वाटतं, पण एवढा थांबलात कशाला? थांबलात, असं ते माझ्याकडं बघून म्हणाले. मी त्यांच्या भिंतीवरची ट्यूब किती वॅटची आहे ते बघत राहिलो.

ऑपरेशनच्या आधी आण्णांनी वेलीची उतरण केली. मळ्यात वर चढून थकलेली वेल दरवर्षी खाली उतरवतात, वेटोळं करून मातीत गाडतात आणि नुसता शेंडा बाहेर ठेवतात. ती परत नव्यानं सुरुवात करते. आमच्या वेलीला ना उंची होती ना पान. हातभर काळपट दोरी. आण्णांनी ती बोटांनी चाचपली, एका जागी थांबले, म्हणाले, "हितं डोळा जिता हाय," आणि बाकीचं गोल करून पुरलं.

"लागेल का?" मी विचारलं. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच.

"चाळीस दिस बघायचं. तिची मर्जी."

"आणि नाही लागली तर?"

आण्णांनी माती दाबली. त्रिशला दारात उभी होती. "बोललोय खरं," ते म्हणाले, एवढंच.

डबा न्हाणीघराच्या बोळात गेला, धुरकट काचेच्या खिडकीखाली. तिथं माझा एकही दिवा नव्हता. दोनशे वॅटचा सूर्य मी काढून जेवायच्या जागी उंच टांगला, आण्णांच्या ताटावर. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, काळा चष्मा आला. तोही गेला. चाळीस दिवस झाले, वेल हलली नाही. पंचेचाळीस झाले. सेहेचाळिसाव्या दिवशी आण्णांनी गावाहून आणलेली पिशवी खुंटीवरून काढून झटकली आणि परत अडकवली. त्रिशला त्या दिवशी मिठाशिवाय भात करून बसली.

एकावन्नाव्या दिवशी मातीतून नखाएवढं तांबूस काहीतरी वर आलं. त्रिशलानं मला फौंड्रीत फोन केला आणि नुसती रडली. मला वाटलं कुणीतरी गेलं.

पिशवी पुन्हा खुंटीवरून निघाली नाही. पुढं कधीतरी त्रिशलानं तिचं पायपुसणं केलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी वेलीला चांगली सात-आठ पानं झाली, तेव्हा आण्णांनी मला बोळात बोलावलं. अंगठ्याच्या नखानं त्यांनी एक पान टच्चकन खुडलं आणि माझ्या हातात दिलं. "सांगा पावणं. पिकलंय का कवळं?"

मी ते घेऊन जेवायच्या जागी गेलो. दिवा लावला. उजेडात धरून शिरा बघितल्या, उलटं केलं, सुलटं केलं, लांब धरलं, जवळ धरलं. परत आलो.

"पिकलंय," मी म्हणालो.

आण्णांनी न बघताच त्यावरून अंगठा फिरवला.

"कवळं हाय." मग मान खाली घालून, एका डोळ्यानं, माझ्या पायांकडं बघत म्हणाले, "आन् त्या सपाता काढा आधी. मला दिसतंय आता."